'मिशन इम्पॉसिबल : द फायनल रेकनिंग' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१७ मे २०२५ला हा आठवा भाग आपल्याकडे लागला, अमेरिकेत लागायच्या जवळजवळ आठवडाभर आधी. त्यामुळे मुंबईत सकाळच्या शोला जाऊन आलेली मंडळी त्या आठवड्यात भलतीच भाव खात होती. तेव्हापासून ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या गेटवर आणि लोकलच्या डब्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची ही उत्तरं. गोष्ट फुटेल असे प्रश्न खाली ठेवले आहेत आणि ते सुरू होण्याआधी तसं सांगितलं आहे.

सरळ सांगा, बघायचा की नाही?

बघायचा, पण पहिला तास सोसायची तयारी ठेवून. हा पिक्चर तोंड उघडतो तेव्हा घसरतो आणि गप्प बसतो तेव्हा मालिकेतल्या कुठल्याही भागाच्या तोडीस तोड होतो. दुर्दैवानं तो बोलतो फार. लांबी आहे पावणेतीन तासांहून थोडी जास्त, म्हणजे बोलायला वेळही भरपूर मिळाला आहे.

आधीचे सातही भाग बघावे लागतील का?

नाही. सातवा (२०२३) मात्र बघाच. त्याचीच गोष्ट इथे पुढे चालू होते आणि 'एंटिटी' (मोकाट सुटलेली कृत्रिम बुद्धिमत्ता) म्हणजे नेमकं काय, ती दोन तुकड्यांची किल्ली कशाची, हे तिथेच कळतं. वेळ असेल तर पहिला (१९९६) बघा, कारण त्यातलं एक अगदी छोटं पात्र इथे महत्त्वाचं होऊन परत येतं. तिसऱ्यातल्या (२००६) 'रॅबिट्स फूट' नावाच्या गूढ वस्तूचाही इथे उल्लेख आहे, पण त्यासाठी अख्खा पिक्चर बघायची गरज नाही. दुसरा सोडला तरी काही बिघडत नाही.

आणि काहीच बघितलं नसेल तरी चालेल, कारण दर थोड्या वेळानं जुन्या भागांचे तुकडे दाखवून उजळणी करून घेतलेली आहे. हीच यातली एक मोठी अडचणही आहे; त्याबद्दल पुढे.

सातव्याला 'पार्ट वन' म्हटलं होतं, मग याला 'पार्ट टू' का नाही?

धंद्याचं गणित. सातवा जुलै २०२३मध्ये आला आणि पुढच्याच आठवड्यात 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' एकाच दिवशी लागले. आयमॅक्सचे पडदे गेले आणि गर्दीही गेली. अर्ध्या गोष्टीचं तिकीट काढायला लोक नाराज असतात, हे त्यातून निर्मात्यांना कळलं असावं. पुढे हॉलीवूडच्या संपात चित्रीकरण अडकलं, तारीख २०२४मधून २०२५मध्ये गेली आणि नावही बदललं. नाव बदलल्यानं गोष्ट स्वतंत्र होत नाही, हे मात्र पहिल्या वीस मिनिटांतच लक्षात येतं.

पहिला तास एवढा जड का जातो? ॲक्शन पिक्चरच आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर एका कारणात बसत नाही.

पहिलं म्हणजे, जग वाचवायला यात वस्तू फार लागतात. बुडालेल्या रशियन पाणबुडीतून एंटिटीचा मूळ कोड काढायचा, तो ज्यात आहे ते 'पोदकोवा' नावाचं यंत्र सांभाळायचं, त्याला ईथनचा जुना साथीदार ल्यूथर यानं बनवलेलं विष, म्हणजे एंटिटीला मारणारा प्रोग्राम, जोडायचं, मग एंटिटीला एका डिस्कमध्ये कोंडायचं, आणि तेही पापणी लवायच्या आत. यातलं प्रत्येक कलम कुणीतरी बसून समजावून सांगतं. एकानं वाक्य सुरू करायचं, दुसऱ्यानं दुसऱ्याच शहरातून पुढे न्यायचं, तिसऱ्यानं संपवायचं, आणि मधे जुन्या पिक्चरचा तुकडा. संकलन चपळ आहे यात शंका नाही, पण त्या चपळाईनं माहिती पचत नाही, फक्त वेगानं आदळते.

दुसरं कारण मला जास्त खुपतं. इथे जो भेटतो तो ईथन हंटची, म्हणजे टॉम क्रूझच्या नायकाची, आरती ओवाळतो. राष्ट्राध्यक्षांपासून शत्रूपर्यंत सगळे त्याला सांगतात की हे फक्त तूच करू शकतोस, तुझ्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय याच क्षणासाठी होता. १९९६चा ईथन असा नव्हता. तो घाबरायचा, चिडायचा, फसवला जायचा. सीआयएच्या लॅंग्लीतल्या मुख्यालयाच्या त्या पांढऱ्या खोलीत तो दोरीला लटकला होता तेव्हा आपला श्वास अडकला, कारण त्याचा एक घामाचा थेंब जमिनीवर पडला असता तर खेळ खलास होता. तिथे कुणी त्याला अवतारपुरुष म्हटलं नव्हतं. इथे त्याला आधीच देव करून ठेवल्यावर तो हरेल ही भीती कशी वाटणार?

निरोपाचा पिक्चर आहे, थोडं गहिवरणं माफ करा, असं काही जण म्हणतात. थोडं असतं तर केलंच असतं.

आणखी एक निरीक्षण : पहिल्या चार भागांना चार वेगळे दिग्दर्शक होते, ब्रायन डी पामा, जॉन वू, जे. जे. एब्रम्स आणि ब्रॅड बर्ड. प्रत्येकानं मागच्याचं फारसं ओझं घेतलं नाही. २०१५पासूनचे चारही भाग क्रिस्टोफर मॅक्वारीचे. त्यामुळे सफाई आली, पात्रं टिकली, पण मालिकेला स्वतःच्याच इतिहासाचं कौतुक वाटू लागलं.

मग चांगलं काय आहे?

पाणबुडी. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात.

बेरिंग समुद्राच्या तळाशी 'सेवस्तोपोल' पडली आहे आणि ईथनला एकट्यानं आत शिरून यंत्र काढायचं आहे. यानंतरचा बराच मोठा भाग जवळजवळ बिनसंवादाचा. ऐकू येतो तो लोखंडाचा कण्हण्याचा आवाज, पाण्याचा खळखळाट आणि त्याचा श्वास. पाणबुडी उताराच्या कडेवर आहे. तो आत शिरल्यानं, पाणी इकडचं तिकडे गेल्यानं ती हळूहळू कलते आणि मग गडगडायला लागते. जमीन भिंत होते, भिंत छत होते, आणि टॉर्पिडो कपाटातल्या डब्यांसारखे अंगावर यायला लागतात.

हे नुसतं भव्य असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. त्यातली खरी कारागिरी दिशांच्या स्पष्टतेत आहे. कुठला दरवाजा मागे राहिला, कुठल्या खोलीत पाणी भरलंय, कुठली कोरडी आहे, बाहेर पडायला किती अंतर उरलंय, हे प्रेक्षकाला प्रत्येक क्षणी कळतं. गोंधळ पात्राचा होतो, आपला होत नाही. हल्लीच्या बहुतेक ॲक्शनमध्ये नेमकं उलटं असतं. इंग्लंडच्या लाँगक्रॉस स्टुडिओत एक प्रचंड टाकी बांधून, तिच्यात अख्खा सेट फिरवता येईल अशी यंत्रणा करून हे चित्रित झालं. सेट खरोखर फिरत असल्यामुळे माणसाचं शरीरही खरं वागतं. तोल जातो तो खरा जातो.

आणि इथे ईथनला कुणी महान म्हणत नाही. म्हणायला कुणी आसपास नसतंच.

एवढ्या थंडीत, एवढ्या खोल पाण्यातून डायव्हिंग सूट काढून वर येणं शक्य आहे का?

नाही. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि माणूस झपकन वर आला की त्याचे बुडबुडे होतात; सांधे, मेंदू, फुप्फुसं, काहीही निकामी होऊ शकतं. म्हणूनच पाणबुडे टप्प्याटप्प्यानं वर येतात. पिक्चरला हे ठाऊक आहे, नाहीतर दाब सांभाळणारी बंदिस्त कोठडी घेऊन टीम बर्फावर कशाला गेली असती? बर्फाखालच्या पाण्यात उघड्या अंगानं, मात्र, ती कोठडी गाठेपर्यंतच कुणी टिकणार नाही. हेरपटात एवढी सूट द्यायची असते. मी दिली.

विमानांचा पाठलाग खरा आहे की संगणकावर केलेला?

टॉम क्रूझ खरोखर विमानाच्या पंखावर होता. दोन पंखांची ती जुनी बोईंग स्टीअरमन विमानं, एक लाल आणि एक पिवळं, आणि खाली दक्षिण आफ्रिकेच्या दऱ्या. शेवटी पेटत्या पॅराशूटची उडी आहे, ती त्यानं सोळा वेळा मारली आणि त्याबद्दल गिनेसनं विक्रमही नोंदवला. सुरक्षेच्या तारा वगैरे पडद्यावरून पुसल्या जातात हे उघड आहे, पण वाऱ्यानं गाल मागे ओढले जाणं, डोळे उघडे ठेवता न येणं, हे पुसून आणता येत नाही. जन्म जुलै १९६२चा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी साठी ओलांडलेला माणूस. आपल्याकडे या वयात रेल्वेचा पूल चढताना मधे थांबतात.

स्टंट खरा असला की पिक्चर चांगला होतो का?

होत नाही, आणि हे लक्षात ठेवायला हवं. स्टंट कसा केला याच्या चित्रफिती महिनोन्‌महिने आधी फिरत असतात. थेटरात बसल्यावर निम्मं लक्ष ईथनवर आणि निम्मं टॉम क्रूझवर असतं. 'तो पडेल का' हा प्रश्न गोष्टीचा राहत नाही, विम्याचा होतो.

या दृश्यात त्यातून सुटका होते ती दोन गोष्टींमुळे. एक, ईथन सतत चुकतो. त्याची पकड सुटते, ठरवलेलं जमत नाही, दुसरं काहीतरी करावं लागतं. दोन, त्याला थोडा विनोदाचा आधार आहे. खटकतं ते एवढंच की आकाशात रंग भरत असताना आपल्याला वारंवार खाली नेलं जातं : बॉम्ब, टीममधला जखमी बेंजी, ग्रेसचा संगणक, राष्ट्राध्यक्षांची खोली. चार ठिकाणची घड्याळं एकदम चालवण्यात सहाव्या भागाचा, म्हणजे 'फॉलआउट'चा (२०१८), शेवट जास्त सुबक होता, कारण तिथे सगळ्यांचा धागा एकाच वस्तूला बांधलेला होता.

खलनायक कसा आहे?

कमजोर. एंटिटी दिसत नाही, तिला चेहरा नाही, आणि ती सर्वज्ञ आहे म्हणून तिच्या चाली कधीही सोयीनुसार थांबतात किंवा चालतात. जगातल्या देशांची अण्वस्त्रं एकेक करून ती ताब्यात घेते, ही कल्पना भीतिदायक आहे. पण नकाशावर एकेक देश गेल्याचं ऐकून भीती वाटत नाही. सातव्या भागात तिनं बेंजीचा आवाज काढून ईथनला चुकीच्या गल्लीत पाठवलं होतं, ती पाच मिनिटं या अख्ख्या अणुयुद्धापेक्षा जास्त अंगावर आली होती. खोटा आवाज आपल्यालाही येऊ शकतो, म्हणून असेल.

गॅब्रिएल (इसाई मोरालेस) गेल्या वेळी एंटिटीचा दूत होता, यावेळी तिनंच टाकलेला. टाकलेल्या माणसाचा संताप ही चांगली वस्तू होती. तिचं फारसं काही केलेलं नाही. ईथनच्या भूतकाळात त्यानं नेमकं काय केलं, हा गेल्या भागात गाजवलेला प्रश्न तर जवळपास वाऱ्यावर सोडला आहे. विमानात मात्र तो मजेत असतो आणि तेवढ्यापुरता जमतो.

बाकीची मंडळी?

ग्रेस (हेली ॲटवेल) आता पक्की टीममधली. तिची पाकीटमारी ही नुसती गंमत न राहता शेवटी कामाला येते, हे छान रचलंय. सायमन पेगचा बेंजी पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं नेतृत्व करतो. पॅरिस नावाच्या मारेकरणीला (पॉम क्लेमेंटिएफ) वाक्यं मोजकी दिलीत आणि प्रत्येकावर हशा येतो. अँजेला बॅसेट राष्ट्राध्यक्ष म्हणून भारदस्त आहे, पण तिच्या खोलीतली दृश्यं दुसऱ्याच पिक्चरमधली वाटतात.

माझा आवडता मात्र अमेरिकन पाणबुडीचा कप्तान. ट्रॅमेल टिलमननं तो असा काही मिश्कील, ताठ आणि हळू आवाजात केलाय की दहा मिनिटांत तो भाव खाऊन जातो. एवढ्या गंभीर पिक्चरमध्ये कुणाला तरी मजा येतेय हे बघून बरं वाटतं.

हिंदीत बघावा की इंग्रजीत?

इंग्रजीत, खाली अक्षरं असतील तर उत्तम, कारण पहिल्या तासात नावं आणि यंत्रं फार येतात. घरात आजी-आजोबा बरोबर असतील तर हिंदी. दुसऱ्या अर्ध्याला तशी भाषा लागतच नाही.

मुंबईत कुठल्या पडद्यावर? घरी टीव्हीवर चालेल का?

पुन्हा कुठे मोठ्या पडद्यावर लागला तर तिथेच. चर्चगेटचं इरॉस २०२४पासून आयमॅक्स झालंय, लोअर परळला आणि वडाळ्याला आहेच. पाणबुडीचा निम्मा परिणाम आवाजाचा आहे आणि तो टीव्हीच्या स्पीकरमधून येत नाही. घरीच बघणार असाल तर चांगला हेडफोन लावा आणि दिवे घालवा. तिथली बरीच दृश्यं काळोखी आहेत आणि ट्यूबलाइटच्या उजेडात नुसतं काळं दिसेल.

आपल्याकडचा इंटर्व्हल हा मूळ पिक्चरमध्ये नसतो, थेटरवाले घालतात. या एका बाबतीत मी त्यांचा आभारी आहे.

यात मुंबई दिसते का?

नाही. मुंबई होती ती चौथ्या भागात (२०११), अनिल कपूरसकट, आणि त्यातला काही भाग बंगळुरूत, सन नेटवर्कच्या इमारतीत चित्रित झाला होता. तेव्हा बघताना इथल्या थेटरात जो हशा पिकला, तो पटकथेत नव्हता.

आपल्या हिंदी हेरपटांच्या तुलनेत?

तुलना होते कारण अंधेरीच्या यशराजनं 'एक था टायगर'पासून (२०१२) मालिकाच उभी केली आहे. पैशांतला फरक सोडून द्या. खरा फरक आहे तो नायकाच्या प्रवेशात. आपल्याकडे नायक आला की संगीत वाढतं, वेग मंदावतो, शिट्ट्या पडतात. पिक्चर त्याला आधीच जिंकवून आणतो. मिशनची खासियत ही होती की ईथन धापा टाकत, लंगडत यायचा. या आठव्या भागात तोही आपल्याच नायकांच्या वाटेवर गेलाय. शिट्टी मारायला हरकत नव्हती, पण या पाहुण्याकडून मला वेगळं हवं होतं.

यापुढचे प्रश्न पिक्चर बघून झाल्यावर वाचा.

जुने धागे जोडलेत, ते पटतात का?

एक पटतो, दोन पटत नाहीत.

रॅबिट्स फूट म्हणजे एंटिटीचंच बीज होतं, हा खुलासा अनावश्यक. तिसऱ्या भागात ती वस्तू काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यातच तिची मजा होती. ईथनच्या मागावर असलेला अधिकारी ब्रिग्ज हा पहिल्या भागातल्या गद्दार बॉसचा, जिम फेल्प्सचा, मुलगा निघतो, तेही तसंच. सांगितलं काय आणि नाही सांगितलं काय, त्याच्या वागण्यात फरक पडत नाही.

पण विल्यम डन्लो! १९९६मध्ये ज्याच्या खोलीतून ईथननं हेरांची यादी चोरली, तो पोटात कळ आलेला बिचारा कारकून. त्याची बदली दूर बर्फाळ बेटावर झाली होती, आणि आपण तेव्हा हसलो होतो. रोल्फ सॅक्सन तोच आहे, जवळजवळ तीस वर्षांनी. तो रागवत नाही. तिथेच बायको मिळाली, आयुष्य बरं गेलं, असं सांगतो आणि त्या खोलीत टेबलावर पडलेला सुरा ईथनला परत करतो. मालिकेला स्वतःच्या इतिहासाशी बोलायचंच होतं, तर ते असं बोलता येतं : कुणाची तरी फुकट गेलेली नोकरी आठवून. पिक्चरमधली उरलेली सगळी उजळणी कापून ही दोन-चार मिनिटं वाढवली असती तरी चाललं असतं.

ल्यूथरचा मृत्यू लवकर आला का?

लवकर आला, पण चांगला आला. विंग रेम्स आणि क्रूझ, हे दोघंच आठही भागांत आहेत. भुयारात बॉम्बशेजारी बसलेला ल्यूथर, जाळीपलीकडे ईथन, आणि दोघांना माहीत आहे की वेळ संपलाय. रेम्स आवाज चढवत नाही. शेवटी त्याचा संदेश पुन्हा ऐकवला जातो, तो थोडा प्रवचनाकडे झुकतो, पण त्या आवाजासाठी मी ऐकून घेतला.

आणि इल्सा?

ईथनची साथीदार इल्सा (रिबेका फर्ग्युसन) गेल्या भागात मेली. इथे तिची आठवण ओझरती निघते. तीन भाग उभं केलेलं पात्र असं विसरणं मला तरी रुचलं नाही.

ईथन मरत का नाही? बाँडला मारलंच की.

२०२१च्या 'नो टाइम टू डाय'नं ते केलं, कारण डॅनिएल क्रेगचा बाँड पहिल्यापासून तसाच रंगवला होता आणि पुढे दुसरा नट येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ईथनची जागा घेणारा कुणी नाही. मला शेवट आवडला : ट्रफाल्गर चौकातली गर्दी, टीम एकमेकांकडे बघते, मान हलवते आणि पांगते. कुणी भाषण करत नाही. अख्ख्या पिक्चरला हा संयम का सुचला नाही, कोण जाणे.

संगीत?

लॉर्न बाल्फ गेल्या दोन भागांत होता, यावेळी मॅक्स अरुज आणि आल्फी गॉडफ्री आहेत. पार्श्वसंगीत भक्कम आहे, लक्षात राहील असं नाही. पाच मात्रांची ती मूळ धून लालो शिफ्रिनची, १९६६च्या टीव्ही मालिकेपासूनची. हा भाग लागल्यावर चाळीस दिवसांनी, २६ जून २०२५ला शिफ्रिन गेले. त्यांची धून इथे फार जपून वापरली आहे. मी अजून दोनदा तरी वाजवली असती.

आठही भागांत याचा नंबर कितवा?

'फॉलआउट' पहिला, मूळचा १९९६चा दुसरा, 'घोस्ट प्रोटोकॉल' (२०११) तिसरा. हा पाचवा-सहावा. नुसती पाणबुडी धरली तर पहिल्या दोनांत.

नावं संपल्यावर आणखी एखादं दृश्य आहे का?

नाही, निघा. रात्री साडेनऊचा शो जाहिराती आणि इंटर्व्हल धरून साडेबाराच्या पुढेच सुटतो, तेव्हा शेवटच्या लोकलचा हिशोब तिकीट काढण्याआधी करा.